जुन्या ग्रीकचा ऑनलाइन कोर्स: स्वरांचा धडा झकास, ऑडिओत घोळ

पाचपैकी तीन तारे. तेही स्वरांच्या धड्यासाठी, नाहीतर एकावर बोळवण केली असती.

मी शाळेत संस्कृत शिकवते, त्यामुळे उच्चारांच्या बाबतीत जरा खडूस आहे. आजच्या ग्रीकमध्ये एकच 'इ' सहा तऱ्हांनी लिहितात: ईटा, योटा, इप्सिलॉन ही तीन अक्षरं आणि वर तीन जोडस्वर. आमची पोरं पहिली वेलांटी की दुसरी, एवढ्यावरच रडकुंडीला येतात!

हे सगळे स्वर 'इ'त कसे जाऊन मिळाले, ते मात्र सरांनी फार छान उलगडलंय. ईटा मुळात लांब 'ॲ'. पुरावा मेंढीचा. इ.स.पू. 5व्या शतकातला अथेन्सचा नाटककार क्रॅटिनस मेंढीचं ओरडणं बीटा-ईटा, म्हणजे 'बॅ', असं लिहितो. आजच्या उच्चारात ते होतं 'वी वी'. अशी मेंढी कुणी ऐकलीय? इप्सिलॉन म्हणजे ओठांचा चंबू करून म्हटलेला 'इ', पुढे तो चंबूही गेला. मग 'आम्ही' म्हणजे हॅमेस आणि 'तुम्ही' म्हणजे ह्यूमेस, दोन्हींचं झालं 'इमीस'. भांडायचं तरी कसं? आज ग्रीक माणूस 'एमीस' आणि 'एसीस' म्हणतो, दुसऱ्यातला 'स' एकवचनी 'तू'कडून आलेला.

संस्कृतवाल्यांना तर मेजवानीच. 'दश' तिकडे 'देका', 'अष्ट' तिकडे 'ओक्टो'. दोन्हींच्या समान पूर्वज भाषेतले अ, ए, ओ आपल्याकडे एका 'अ'त विरले, ग्रीकने तिन्ही वेगळे जपले. उलट 'माता'मधला पहिला 'आ' डोरिक या जुन्या ग्रीक बोलीत टिकला (मातॅर), अथेन्सवाल्यांनी त्याचा 'ॲ' केला (मॅतॅर).

आता तक्रार. व्हिडिओत शिकवलेला ईटा सरावाच्या ऑडिओत सरळ 'ई' होतो, इप्सिलॉन तर मधूनच 'उ'. डच विद्वान इरॅस्मसने 1528 साली जुन्या उच्चारांवर पुस्तक काढलं, त्याच्या नावाची पद्धत युरोपातल्या अनेक विद्यापीठांत चालते. खुद्द ग्रीसमध्ये जुनं ग्रीकही आजच्याच उच्चारात वाचतात. माझं दोन्हींशी वैर नाही, पण एकाच कोर्समध्ये खिचडी कशाला? ऐकून लिहायच्या चाचणीत माझे गुण हकनाक गेले. मेल केली, तर 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे' छापाचं उत्तर. ऑडिओ तस्साच.

टिपणांची पीडीएफ छापली की अक्षरांवरच्या आघातखुणा उडतात, त्या हाताने काढाव्या लागतात.

पूर्ण कोर्सची फी भरू नका. स्वरांचा भाग सुटा मिळतो का ते आधी विचारा, मिळाला तर तेवढाच घ्या.