माती परीक्षण सेवा: तपासणी चोख, सल्ला अपुरा

उसानंतर सोयाबीन आणि पुन्हा ऊस अशा फेरपालटात रासायनिक खतांचा डोस वाढत गेला, तरी उतारा जागचा हलत नव्हता. म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका प्रयोगशाळेत मातीचा नमुना दिला. २०१५ साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेतील पत्रिका घरी होती. मात्र त्या योजनेत बागायतीत २.५ हेक्टरांना आणि जिरायतीत १० हेक्टरांना मिळून एक नमुना घेण्याची पद्धत ठरली होती, त्यामुळे तिच्यातील आकडे आपल्याच गटाचे असतील असे नाही.

नमुना कसा घ्यावा हे तेथील कर्मचाऱ्यांनी आस्थेने समजावले. झाडाखालची, बांधालगतची आणि शेणखताच्या ढिगाजवळची जागा टाळून, दहा-बारा ठिकाणी १५ सेंटिमीटर खोल व्ही आकाराचे खड्डे घ्यायचे, त्यांच्या कडेची माती एकत्र करून तिचे चार भाग पाडायचे आणि समोरासमोरचे दोन भाग काढत अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहायचे. खताच्या रिकाम्या गोणीत आणलेला नमुना ते स्वीकारत नाहीत, आणि हा काटेकोरपणा मला फार मोलाचा वाटला.

अहवाल डोळे उघडणारा होता. सामू (आम्ल-विम्लतेचे माप, पीएच) ८.३, पालाश (पोटॅश) भरपूर. पण सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांतला कार्बन, जेमतेम ०.३८ टक्के, आणि जस्त ०.६ पीपीएम (दहा लाख भागांतले भाग) या किमान मर्यादेच्याही खाली. कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडत होता, त्याचाही उलगडा झाला: चुनखडीयुक्त जमिनीत लोह असूनही ते मुळांना पुरेसे उपलब्ध होत नाही. युरियाची आणखी एक गोणी टाकून यातले काहीही भरून निघणार नव्हते.

शिफारशीचे पान मात्र तोकडे आहे. त्यात युरिया, सुपर फॉस्फेट आणि झिंक सल्फेट यांचे किलो मांडलेले आहेत. परंतु झिंक सल्फेट स्फुरदयुक्त (फॉस्फरसच्या) खतात मिसळू नये, फेरस सल्फेट चांगल्या कुजलेल्या शेणखतात मुरवून द्यावे, पाचट न जाळता सरीत कुजवावे, ताग किंवा धैंचा ही हिरवळीच्या खताची पिके फुलोऱ्यापूर्वी जमिनीत गाडावीत, याविषयी एक ओळही नाही. कर्ब इतका खालावलेला असताना त्यावरचा उपाय न सांगणे ही मोठी उणीव आहे.

शुल्क माफक आहे, पण पेरणीच्या तोंडावर गर्दी होऊन अहवाल रखडतो. रब्बीचे पीक निघताच, जमिनीत कोणतेही खत पडण्यापूर्वी नमुना द्यावा आणि अहवाल घेऊन कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांना भेटावे.