दिव्यांग समावेशनासाठी सल्लागार नेमला, त्याला नऊ महिने झाले

रत्नागिरी जिल्ह्यात किनाऱ्यालगत आमची छोटी पतसंस्था आहे. पाच शाखा, पिग्मी एजंट सोडून 27 कर्मचारी. गेल्या मे महिन्यात आम्ही एका स्वतंत्र सल्लागार मॅडमना नेमलं. त्या स्वतः कुबडी घेऊन चालतात, कुठल्या कंपनीत नाहीत, दिवसाच्या हिशोबाने फी घेतात. असा कुणी नेमायचा विचार असलेल्यांसाठी सविस्तर लिहितोय.

रॅम्प आम्ही आधीच बांधून मोकळे झालो होतो. जोतं अडीच फुटांचं, रॅम्प आठ फुटांचा. मॅडमनी टेप लावली. एक फूट चढायला बारा फूट लांबी हवी, म्हणजे इथे तीस फूट लागणार आणि समोर तर लगेच रस्ता. या रॅम्पवर व्हीलचेअर चढणार नाहीच, उतरताना थेट गाड्यांसमोर जाईल, असं त्यांनी दाखवून दिलं. इमारत उतारावर असल्यामुळे मागच्या गल्लीतून फरशी जेमतेम सहा इंच उंच आहे. तिकडे सहा फुटांत काम भागत होतं. पण दिव्यांगांनी तेवढं मागच्या दाराने यायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. संचालक मंडळाच्या दोन बैठका यावरच गेल्या. शेवटी फलक, टोकन, पासबुकाचा काउंटर सगळंच त्या बाजूला नेलं. आता सगळे तिथूनच येतात. डोक्यावर पाटी घेऊन बाजारातून येणाऱ्या बायकांनाही ते सोपं पडतंय.

एक चूक मात्र झाली. गवंड्याने रॅम्पवर गुळगुळीत कोबा केला. श्रावणात त्यावर शेवाळ धरलं आणि एक आजोबा घसरले. मार लागला नाही, पण मला रात्रभर झोप आली नाही. कोकणातला पाऊस धरून पृष्ठभाग सांगायला हवा होता, हे मॅडमनी फोनवर लगेच कबूल केलं. मग आडव्या खाचा मारून घेतल्या, दोन्ही बाजूंना कठडा बसवला.

त्यांची पद्धत मला सगळ्यात पटली ती इथे. पहिले दोन दिवस त्यांनी आम्हाला काहीच शिकवलं नाही. तालुक्यातल्या तीन दिव्यांग सभासदांना बोलावलं, पैसे भरण्यापासून कर्जाच्या अर्जापर्यंत सगळं त्यांना करायला लावलं आणि आम्हाला नुसतं बघायला सांगितलं. तिघांना मानधन द्यायचं ही अट करारातच होती. त्यातल्या एक ताई बंदरावर मासळी विकतात, त्यांना ऐकू येत नाही. आमचा शिपाई ‘नंबर सतरा’ ओरडला, दोनदा ओरडला, मग अठरा नंबर पुढे गेला. ताई हातातल्या टोकनाकडे बघत बाकावर बसलेल्या. त्या बारा वर्षं आमच्या सभासद आहेत. म्हणजे बारा वर्षं हेच चाललं असणार. दुसऱ्या दिवशी काउंटरवर आकडे उलटायची पाटी आली. खर्च नगण्य.

कर्मचाऱ्यांशीही मॅडम एकेकट्याने बोलल्या. आजार विचारला नाही, ‘काम करताना कुठे अडतं?’ एवढंच विचारलं. आमचा एक जुना क्लार्क (त्याच्या परवानगीने लिहितोय) त्या दिवशी पहिल्यांदा बोलला की नजर कमी होत चाललीय, आकडे घरी नेऊन मुलीकडून तपासून घेतो. नोकरी जाईल म्हणून गप्प होता. विंडोजमधला मॅग्निफायर (पडद्यावरची अक्षरं मोठी करणारी सोय) सुरू केला, टेबल खिडकीच्या झळाळीतून हलवलं. एनव्हीडीए हा फुकट मिळणारा स्क्रीन रीडरही (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) टाकला, पण आमच्या सॉफ्टवेअरमधली बरीच बटणं तो नीट वाचत नाही. सॉफ्टवेअरवाल्यांकडून ते अजून दुरुस्त होऊन आलेलं नाही.

कायदा त्यांनी अर्ध्या तासात सांगितला. 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा खाजगी आस्थापनांना लागू आहे आणि सहकारी संस्था त्यात येतात. समान संधी धोरण करून त्याची प्रत दिव्यांग आयुक्तांकडे नोंदवायची, वीस किंवा जास्त कर्मचारी असले तर संपर्क अधिकारी नेमायचा. हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. धोरणाचा मसुदा त्यांनी आमच्याकडूनच लिहून घेतला. वेळ खूप गेला, पण आता त्यातलं प्रत्येक कलम मला समजावून सांगता येतं.

कमी काय पडलं, तेही सांगतो. लेखी अहवाल दीड महिना उशिरा आला. जुलैत दरड कोसळल्याने एक फेरी हुकली, ती नोव्हेंबरात भरून निघाली. पिग्मी एजंट आराखड्यात नव्हतेच, आणि दारोदार जातात तर तेच. आम्ही लक्षात आणून दिल्यावर मॅडम एका एजंटाबरोबर दिवसभर फिरल्या. सांकेतिक भाषेचा दुभाषी जवळपास मिळत नाही. व्हिडिओ कॉलवर घेतो, पण पावसात रेंज जाते.

सगळ्यात अवघड शाखा अजून तशीच आहे. तिथे जायला जांभ्याची पाखाडी, 22 पायऱ्या, आणि जागा आमची नाही. खालच्या रस्त्याला गाळा बघतोय. तोवर दर बुधवारी आमचा माणूस पासबुकं आणि पावतीपुस्तक घेऊन खाली पारावर बसतो.