नवं यकृत, ९ महिन्यांनंतर

आधी खाजेबद्दल सांगते, कारण ती थांबली. पित्त तुंबलं की खाज सुटते, रात्री तळहात-तळपायांना जास्त, आणि वरून पुरळ-बिरळ काही दिसत नाही. घरच्यांनाही पटायचं नाही. चार वर्षं मी सोलापुरी चादर पांघरली नव्हती, इतकी टोचायची. आता रोज तीच घेते.

खड्यांसाठी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, तेव्हा पित्ताशयाची नळी समजून मुख्य पित्तनलिकेलाच क्लिप लागली. पुढे आतडं वर ओढून नळीला जोडलं. तो जोड अरुंद होत गेला. हुडहुडी, ताप, कावीळ, पुन्हा ताप आणि शेवटी सिरोसिस, म्हणजे यकृत कडक होऊन निकामी होत जाणं. घाबरू नका, अशा इजेनंतर यकृत बदलायची वेळ फार थोड्यांवर येते. अनुभवी सर्जनकडे वेळेत गेलात तर बहुतेकांचं त्या जोडावरच निभावतं. म्हणून ऑपरेशननंतर पोट फुगलं, ताप आला, डोळे पिवळे झाले तर गॅस समजून घरी बसू नका. मी बारा दिवस बसले.

यकृताचा उजवा भाग धाकट्या भावानं दिला. अवयवदानाच्या १९९४ च्या कायद्यात सख्खा भाऊ जवळच्या नात्यात धरतात, तरी कागदपत्रांनी दमवलं. त्याचं उरलेलं यकृत वाढून भरून आलं. तीन महिन्यांत तो कामावर गेला.

आता माझा दिवस टॅक्रोलिमसवर चालतो, म्हणजे शरीरानं नवं यकृत नाकारू नये म्हणूनची गोळी, सकाळी ८ आणि संध्याकाळी ८. रक्तातली तिची लेव्हल तपासायची असेल तेव्हा रक्त दिल्यावरच सकाळची गोळी घ्यायची. पहिल्या वेळी मी हुतात्मा एक्सप्रेसमध्येच घेऊन टाकली आणि पुण्याची खेप वाया गेली. तेव्हापासून गोळी पर्समध्ये, रक्त देईपर्यंत.

गोळीनं साखर वाढली, हात थरथरतो. भाकरी थापताना कड फाटते, म्हणून सून थापते, मी भाजते. पपनस बंद, त्यानं रक्तात औषध वाढतं. रसवंतीचा बर्फ, बाहेरची कोशिंबीरही बंद. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला यंदा गेले नाही, गर्दीतला संसर्ग परवडणारा नाही. ते मात्र फार लागलं. नंदीध्वजांचं दर्शन गच्चीवरून घेतलं, मास्क लावून.

संध्याकाळी आठला भावाचा फोन येतो. "ताई, घेतली का?" एवढंच विचारतो आणि ठेवतो.