उदयपूरला भाड्याच्या गाडीत माझे २६,५०० रुपये गेले

दिवाळीनंतर आम्ही पाच जण उदयपूरला गेलो होतो. मी, बायको, दोन मुलं आणि आई. तीन दिवसांसाठी सेल्फ ड्राइव्ह गाडी घेतली. रोजचे २,६०० म्हणजे ७,८०० भाडं, वर १०,००० डिपॉझिट. गाडी परत देताना डिपॉझिट तर गेलंच, शिवाय १६,५०० उकळले. महिनाभर हे सख्ख्या भावालाही सांगितलं नव्हतं, इतकी लाज वाटत होती.

सांगितल्यावर त्यानं पहिलं हेच विचारलं, ड्रायव्हरसकट टॅक्सी का नाही केलीस? आईला घाटात गाडी लागते. दर अर्ध्या तासानं थांबावं लागतं आणि परक्या ड्रायव्हरपुढे ती संकोचानं बोलत नाही, सोसत बसते. शिवाय एकलिंगजी, नाथद्वारा, हळदीघाटी, कुंभलगड आणि दुसऱ्या दिवशी राणकपूर, हा अरवलीतला रस्ता आपल्या मर्जीनं थांबत जावा असाच आहे. एकोणीस वर्षं गाडी चालवतोय, मी नवखा नाही.

गाडी पांढऱ्या पाटीची होती. स्वतः चालवायला भाड्यानं देण्याच्या गाडीला काळी पाटी आणि पिवळी अक्षरं लागतात हे मला ठाऊक होतं, गोव्यात आपण तेवढं बघतोच. गाडीवाला म्हणाला, "सीझन है, काली प्लेट सब बुक है. रास्ते में कोई पूछे तो बोलना दोस्त की गाडी है." हे ऐकल्यावर चावी त्याच्या हातात परत ठेवायला हवी होती. खाजगी गाडी भाड्यावर असताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. मागच्या सीटवर मुलं होती. ते आठवून अजून झोप उडते.

पण मला सगळ्यात जास्त छळतो तो दुसराच क्षण. पहाटे सहाची वेळ, चांदपोल दरवाजाच्या बाहेर अजून अंधार. मी मोबाइलवर गाडीचा व्हिडिओ घेत होतो. तो मागच्या डाव्या दाराला पाठ टेकून उभा, गप्पा मारतोय. बायको म्हणाली, "अहो, ह्या बाजूचंही घ्या ना." तो हसून म्हणाला, "भाभीजी, भीड होने से पहले निकल जाइए." आणि त्याला "जरा बाजूला व्हा" म्हणायची मला भीड पडली. दहा सेकंदांचं काम होतं. बायकोनं बरोबर हेरलं होतं, मी ऐकलं नाही.

तिसऱ्या दिवशी रात्री साडेआठला गाडी परत केली. आमची बस दहाची, हे त्याला पहिल्याच दिवशी मीच सांगून बसलो होतो. परतीची वेळ कधीही सांगू नका. ह्या वेळी दोघे आले. एकानं टॉर्च लावला आणि गाडीभोवती फेरीही न मारता थेट त्याच दाराशी उकिडवा बसला. दाराच्या खालच्या कडेला पोचा. दाराचे १४,०००, बंपरचे ९,०००, गाडी पाच दिवस गॅरेजमध्ये पडून राहणार म्हणून १३,०००. एकूण ३६,०००. माझं मूळ लायसन्स त्यांच्या खिशात. (मूळ लायसन्स देऊच नका. झेरॉक्स द्या, डिजिलॉकरमध्ये दाखवा.)

जवळच्या चौकीत धावलो. "लेन-देन का मामला है, आपस में निपटा लो." मुलं बॅगांवर पेंगत होती. शेवटी डिपॉझिट सोडून १६,५०० वर तुटलं. यूपीआयवर नाव आलं भलत्याच बाईचं. पावती नाही, बिल नाही.

बसमध्ये फोटो चाळताना सापडलं. पहिल्या दिवशी सकाळी साडेअकरा, कुंभलगडच्या पार्किंगमध्ये आई सीताफळ खातेय आणि मागे तोच पोचा, त्यात गंज धरलेला. गंज काय एका सकाळीत धरतो? आमच्या गल्लीतल्या डेंटिंगवाल्यानं फोटो पाहून दाराचा खर्च सांगितला साडेतीन हजार.

तो फोटो घेऊन आमच्या भागातल्या पोलीस ठाण्यात तीनदा गेलो. "घटना तिकडची, तिकडं जा." १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न बघता घ्यावी लागते. त्याची प्रिंट काढून नेली, ती कुणी हातातसुद्धा घेतली नाही. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. परिवहन कार्यालय म्हणालं, गाडी राजस्थानची, तिकडे लिहा. लिहिलं, उत्तर नाही. आणि प्रत्येक टेबलावर तोच प्रश्न, "पांढऱ्या पाटीची गाडी घेतलीच कशाला?" माझी चूक मी कबूल करतो. पण म्हणून त्यानं लुबाडलं ते चालतं का? मी आरोपी असल्यासारखं मला उभं करायचं आणि तो मात्र मोकळा?

आता ग्राहक आयोगात अर्ज टाकलाय. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. आधी १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. पैसे देण्याआधी आरसीवरचं (गाडीच्या नोंदणीपत्रावरचं) नाव आणि यूपीआयवरचं नाव जुळवून बघा. गाडी उजेडातच ताब्यात घ्या. चारही दारं, खालची कड, टायर, काच, सगळ्याचा व्हिडिओ घ्या आणि तो देणाऱ्याला तिथल्या तिथे व्हॉट्सॲपवर पाठवा.

त्याची जाहिरात अजून चालू आहे. फोटो तलावाकाठचा, गाडी तीच. दिसते फक्त उजवी बाजू.