गेल्या वर्षीचे विजय की धावांचा हिशेब?

न्यू जर्सीत राहणारा माझा भाचा पेचात पडला आहे: मेजर लीग बेसबॉलच्या येत्या हंगामाचा अंदाज बांधताना संघाचे गतवर्षीचे विजय पाहावेत, की केलेल्या आणि दिलेल्या धावांचे गणित मांडावे?

मेहनतीचा प्रश्न लगेच मिटतो. विजय गुणतक्त्यात आयतेच मिळतात. धावांसाठी बेसबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक बिल जेम्स यांचे सूत्र वापरून, केलेल्या धावांच्या वर्गाला केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांच्या बेरजेने भागावे आणि उत्तराला हंगामातील 162 सामन्यांनी गुणावे, एवढेच काम असते.

खरा फरक विश्वासार्हतेत आहे. बाल्टिमोर ओरिओल्सने 2012 मध्ये 93 सामने जिंकले, पण 712 धावा करून 705 दिल्या होत्या, आणि सूत्राप्रमाणे त्याचे जेमतेम 82 विजय होतात. एका धावेने सुटलेल्या 38 सामन्यांपैकी तब्बल 29 त्यांच्या पदरात पडले होते. पुढच्या वर्षी नशिबाची ती साथ सुटली आणि विजय 85 वर आले. अर्थात सूत्रही चुकते. सिएटल मरिनर्सने 2021 मध्ये केल्यापेक्षा 51 धावा अधिक देऊनही 90 सामने जिंकले, आणि 2022 मध्ये पुन्हा नेमके 90च!

हिवाळ्यात होणारी खेळाडूंची अदलाबदल मात्र दोन्ही पद्धतींना दिसत नाही.

मित्रांमधल्या गप्पांपुरता अंदाज हवा असेल, तर विजय पुरेत. कोणता संघ घसरेल आणि कोणता वर येईल हे ताडायचे असेल, तर धावांचा हिशेब मांडून संघातील बदल त्यात हाताने मिळवावेत.