हाड गो बाय, हाड

नाशिकची धाकटी बहीण कुत्र्याला घेऊन वायनरीत जाते आणि फोटो पाठवून मला जळवते. आमच्या गोव्यात द्राक्षांचे मळे कुठले? शिवाय द्राक्षं कुत्र्याच्या किडन्यांना घातक, त्यामुळे तिला तिथे साखळी सोडता येत नाही ती वेगळीच. मग एप्रिलातल्या एका रविवारी आमच्या कुत्र्याला, बंड्याला, गाडीत घातलं आणि फोंड्याहून सत्तरीतल्या एका काजूच्या बागेत, हुर्राकाच्या म्हणजे काजूच्या फळांच्या दारूच्या भट्टीवर गेलो.

आधी फोन केला होता. ‘कुत्रा चालेल ना?’ तर मालक म्हणाले, ‘हाड गो बाय, हाड!’ कोकणीत हाड म्हणजे आण. पण फोन स्पीकरवर होता आणि बंड्याला फक्त मराठी येतं. त्याने कान पाडले आणि सोफ्याखाली गेला.

तिथे मात्र स्वागत झकास. फुटक्या मडक्याच्या बुडात गार पाणी, विहिरीजवळ सावली, कुणी हुडूत केलं नाही. मालकांचे स्वतःचे चार कुत्रे आहेत. त्यांनी बंड्याला अर्धा तास हुंगून पास केलं. पण भट्टीजवळ जाताच तो सात वेळा शिंकला आणि बाहेर पडून बसला. त्याचंही बरोबरच. मडक्यात मुरलेल्या रसाचा वास मलाही नाकात झोंबत होता.

तक्रार एकच, पण मोठी. बोंडू, म्हणजे काजूची फळं, झाडावरून तोडत नाहीत, पिकून पडलेलेच गोळा करतात. म्हणजे दुपारपर्यंत बागेत खाली आंबलेल्या फळांचा सडा, आणि दारू कुत्र्याला थोडीही नको. त्यात बंड्याने हिरवी बी तोंडात धरली. कच्च्या बीच्या सालीतलं तेल कातडी भाजतं. त्याने चावायच्या आत मी बोटं घालून बी काढली; तो सुटला, माझ्या अंगठ्याला फोड आला. मालकांनी खोबरेल लावलं आणि म्हणाले, ‘आमच्यांना सवय आहे हो.’ फाटकावर कुत्र्याचं चित्र रंगवलंय, त्याच्या खाली ‘साखळी सोडू नका’ एवढं लिहायला काय जातं?

प्यायचं म्हणाल तर हुर्राक उत्तम. लिमका, मीठ, मधोमध चिरलेली हिरवी मिरची. एकदाच गाळलेला हा माल फेणीपेक्षा सौम्य, म्हणून दुपारी जास्तच जातो. फेणीला २००९ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला, हे मालकांनी तीनदा सांगितलं. नवरा गाडी चालवणार होता, त्याला नुसता नीरो. बोंडवांच्या चोथ्यावर दगड ठेवून ठिबकवलेला तो गोड रस मला हुर्राकापेक्षा आवडला, पण हे त्याला सांगितलं नाही.

माणशी पाचशे, बंड्या फुकट. मार्च ते मे, सकाळी नऊच्या आत जा. नंतर जमीन तापते आणि पंजे भाजतात.

निघताना बंड्या बोंडवांच्या चोथ्यात मनसोक्त लोळला. परवा गाडी सर्व्हिसिंगला दिली, तर तिथल्या पोराने दार उघडलं, वास घेतला आणि माझ्याकडेच बघितलं.