‘वांझ फुलं’ तोडायला लावून माझा मांडव रिकामा केला

आमच्याकडे महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला सोळा भाज्या लागतात. त्यातला दोडका, पडवळ आणि लाल भोपळा तरी यंदा घरचा असावा म्हणून मृगात घरामागं बिया टोकल्या. सेलूत आमची जागा ती केवढी, पण आषाढ सरता सरता मांडव भरून गेला. फुलं तर इतकी, की सकाळी भोपळ्याकडं बघत राहावं. फळ मात्र एक नाही. दहा-बारा दिवस वाट पाहिली आणि जीव खालीवर व्हायला लागला.

तेव्हाच मोटारसायकलवर बॅग अडकवून एक माणूस गल्लीत आला. बोलणं गोड. ‘‘ताई, वेल जोरात आहे, पण वांझ फुलांनी खाल्लाय.’’ त्यानं भोपळ्याचं एक फूल उलटं करून दाखवलं, नुसता लांब देठ. मग पानाआड शोधून दुसरं दाखवलं, त्याच्या बुडाशी बोराएवढी गोल गाठ. ‘‘हे फळाचं. बाकीची फुकट रस पितात. कळीत असतानाच खुडा, आणि आठ दिवसाला हे टॉनिक फवारा.’’ बाटली ६५० रुपयांची, दोन घेतल्या. बिल मागितलं तर म्हणाला, कंपनीचा माल आहे, पुढच्या फेरीला देतो.

त्यानं दाखवलेला फरक खरा होता, म्हणूनच मी फसले. पुढं त्यानं जे सांगितलं ते खोटं होतं.

जवळजवळ महिनाभर मी रोज कळ्या खुडल्या. दोडक्याचे तर घोसच्या घोस. गाठीची फुलं उमलायची, तीन-चार दिवसांत गाठ टोकाकडून पिवळी पडायची आणि हात लावला की गळायची. मी फवारा वाढवला. पानं काळीभोर झाली, फळ नाहीच.

सण आठ दिवसांवर असताना सासूबाई लातूरहून आल्या. मांडवाखाली उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘अगं, नर फुलं कुठं गेली सगळी?’’ मी सांगितलं तशा त्या खालीच बसल्या. ‘‘नर तोडल्यावर फळ धरंल कसं, बाई?’’

या वेलांना नर आणि मादी फुलं वेगळी येतात. आधी कितीतरी दिवस नुसती नरच येतात, मादी मागाहून. म्हणजे माझ्या वेलाला काहीच झालं नव्हतं. आणखी थोडे दिवस थांबले असते तर भोपळा आपोआप धरला असता. पराग मधमाश्याच नेतात. फुलं उमललेली असताना मी काहीबाही फवारत होते, तेव्हा मधमाश्याही कशा येणार?

मग सासूबाईंनी हातानं फळ धरवायला शिकवलं. भोपळ्याचं नर फूल पहाटे उमलल्या उमलल्या तोडायचं, पाकळ्या सोलायच्या आणि पिवळा केसर मादी फुलाच्या मधोमध हलक्या हातानं फिरवायचा. दोडका संध्याकाळी उमलतो, त्याचं काम दिवेलागणीला. नव्या कळ्या उमलल्यावर असे पाच दोडके धरले. दोनांवर फळमाशीनं डंख केला, ती वाकडी झाली, त्यांतून चिकट थेंब गळायला लागला. ती खड्डा करून खोल पुरली, उकिरड्यावर टाकली नाहीत, नाहीतर आतल्या अळ्यांची पुन्हा माशी होते. फळमाशीसाठी दुकानात क्यू ल्युअरचा, म्हणजे माशीला ओढून घेणाऱ्या वासाचा, सापळा मिळतो, वेलवर्गाला तोच मागायचा. आंब्याचा सापळा वेगळा असतो, तो इथं चालत नाही.

नैवेद्याच्या भाज्या बाजारातूनच आल्या.

बाटलीवर वेलाचं चित्र आणि मोठं नाव, बस. बॅच नंबर नाही, तयार केल्याची तारीख नाही, मुदत नाही, पत्ता नाही. कीटकनाशक असेल तर डब्यावर नोंदणी क्रमांक आणि लाल, पिवळी, निळी किंवा हिरवी खूण असावीच लागते. १९६८ चा कायदाच आहे तसा. दारावर कुणी औषध आणलं तर आधी बाटली फिरवून हे बघा, आणि पक्कं बिल हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नका. बिल असेल तर पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडं किंवा ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर पुराव्यानिशी तक्रार करता येते. माझ्याकडं, आणि आमच्या गल्लीतल्या आणखी चार घरांकडं, दाखवायला नुसत्या रिकाम्या बाटल्या आहेत.

परवा मानवतहून बहिणीचा फोन आला. त्यांच्या आळीत एक जण वांझ फुलं खुडायला सांगत फिरतोय म्हणाली. फोन ठेवला आणि हे लिहायला बसले.